पश्चिम साफ आहे

४ मार्च

दादा,

तुझा पत्ता बगळ्याने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. परवा धक्क्यावर मी त्याच्या बोटीची दोरीच धरून ठेवली आणि म्हटलं, "दादा कुठे असतो ते तुला ठाऊक आहे. सांगितल्याशिवाय सोडणार नाही." तो उंचच उंच माणूस वाकून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "नऊ वर्षांत आज विचारलंस?" मी दोरी सोडली नाही. त्याने तंगुसाच्या रिकाम्या पाकिटावर पत्ता लिहून दिला आणि पुन्हा बोटीचं पाणी उपसायला लागला.

म्हणजे तू गोदामात असतोस. तिथे एकही खिडकी नाही, असं बगळा म्हणाला. दोनशे फुटांवरून पाण्यातली शेपटी ओळखणारा माणूस दिवसभर खोक्यांवरचे आकडे वाचतो, हे मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही.

आई बरी आहे. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून ती आता तुझ्या खोलीत झोपते. तुझं सामान माळ्यावर ठेवलंय. कुणी हात लावलेला नाही.

मी अजून तेच करते. पाहुण्याला बोटीच्या नाकावर उभं करायचं, आपण मागच्या मचाणावर चढायचं, लांब दांड्याने उथळ पाण्यातून बोट ढकलत मासे शोधायचे. गाव अजून आपल्या जमातीला 'माश्या मारणारे' म्हणतं. पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी बांधायची, ती एका विशिष्ट माशाच्या नाकासमोर टाकायची, लागला की सोडून द्यायचा, आणि संध्याकाळी दमून घरी यायचं. आईचा प्रश्नही तोच: "सोडायचाच होता तर गेलात कशाला?" नवे पाहुणे बोटीशी येतात आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतात, "गाइड कुठे आहेत?" मी म्हणते, "आल्यात. चढा."

लिहायचं कारण वेगळं आहे. डॉक्टरांच्या बाई येतायत. दातांचे डॉक्टर. तुझ्या बोटीवरचे.

त्यांनी गाइडांच्या संघटनेला पत्र टाकलं होतं. 'माझे मिस्टर जिथे गेले तिथे मला जायचं आहे. मासेमारीतलं मला काही कळत नाही, पण शिकेन. कोण नेईल?' बैठकीत पत्र वाचलं तेव्हा सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. कुणी तरी म्हणालं, त्यांना कळवून टाका की सध्या कुणी रिकामं नाही. तेव्हा मी म्हटलं, मी नेते.

का म्हटलं ते मलाच नीट सांगता येणार नाही. तू उत्तर दे असं म्हणत नाही. फक्त तुला माहीत असावं.

छोटी


११ मार्च

दादा,

बाई आल्या. मी रडणाऱ्या, थकलेल्या बाईची तयारी ठेवली होती. उतरल्या त्या ताठ पाठीने, डोक्यावर पुरुषी टोपी, हातात डॉक्टरांचीच मासेमारीची काठी. वय पासष्टच्या पुढे. शाळेत गणित शिकवायच्या. माझ्याकडे दोन-तीन क्षण रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच नेणार ना? मग चला, उजेड वाया कशाला घालवायचा?"

मी तुझी कोण ते मी सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

पहिले दोन दिवस काठी फिरवायला शिकवण्यात गेले. माशी एकदा माझ्या टोपीत, एकदा बाईंच्याच बाहीत, एकदा मचाणाच्या पायात. गणितवाल्या, त्यामुळे चूक झाली की त्या थांबतात आणि कुठल्या पायरीला चुकलं ते शोधतात. "दोरा मागे पूर्ण जायच्या आत मी पुढे ओढला. हो ना?" असं त्याच मला सांगतात. तिसऱ्या दिवशी चाळीस फूट जायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी वारा पडला. तुला ते पाणी आठवत असेल, जेव्हा बोटीखाली काहीच नाही असं वाटतं आणि वाळूवरून आपलीच सावली आपल्याबरोबर चालते. बाई नाकावर उभ्या होत्या. मी म्हटलं, "घड्याळातल्या अकराच्या दिशेला, साठ फुटांवर, तीन आरसे येतायत." त्यांना काही दिसेना. मी म्हटलं, "मासा शोधू नका. त्याचं अंग आरशासारखं असतं, आजूबाजूचंच त्यात दिसतं. तळावरून सरकणारी सावली शोधा." त्या बघत राहिल्या. मग एकदम त्यांचा श्वास अडकलेला मला मचाणावर ऐकू आला. "अगं बाई," म्हणाल्या, "हे इतका वेळ इथेच होते?"

माशी टाकायची राहूनच गेली. मासे निघून गेले. त्या तशाच उभ्या. मी इतकी वर्षं हा धंदा करते, पण पहिल्यांदा मासा दिसलेल्या माणसाचा चेहरा बघितला की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

दुपारी बोटीखालून हातोडीसारख्या डोक्याची मुशी गेली. बोटीपेक्षा लांब. ती आली, गेली आणि तिच्या शेपटीच्या एका हेलकाव्याने आमची बोट किंचित फिरली. बाई ओरडल्या नाहीत. विचारलं, "तिला आपण दिसलो का?"

"दिसलो."

"मग?"

"मग काही नाही. तिला आपल्यात रस नाही."

त्या हसायला लागल्या. चार दिवसांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "किती बरं वाटलं हे ऐकून."

परत येताना त्यांनी डॉक्टरांचं सांगितलं. इथे यायच्या आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. दरवर्षी पंधरा दिवस नवरा एका उथळ पाण्यावर जाऊन उभा राहतो, सांगतो काहीच नाही, परत येतो तो पुढचा महिनाभर अर्धा तिथेच असतो, याचा बाईंना संताप यायचा. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, चल ना बरोबर. बाई म्हणायच्या, मला उन्हात उभं राहायची हौस नाही. त्या शेवटच्या वेळी म्हणाल्या होत्या, "जा, मासेच तुमचे सोयरे."

मग त्यांनी विचारलं. मी इंजिनाकडे तोंड करून होते, बरंच झालं. "चौकशीच्या कागदात सगळं होतं. वेळ, वारा, वीज कुठे पडली. पण ते तेव्हा काय करत होते, घाबरले होते का, काही बोलले का, हे कुणी लिहिलंच नाही. ज्याला माहीत आहे तो गाइड कुठे गेला कुणास ठाऊक."

दादा, याचं उत्तर फक्त तुझ्याकडे आहे. मी ते मागायला लिहितेय. माझ्यासाठी नाही. एक ओळ पुरे.

छोटी


१७ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

आज गंमत झाली, म्हणजे बाकीच्यांना गंमत वाटली. सकाळपासून हवा उत्तम, मासे शेपट्या वर काढून चरत होते, बाईंची माशी एकाने धरलीसुद्धा. रीळ असं काही किंचाळलं की त्या काठीच सोडणार होत्या. दोनशे फूट दोरा गेला, मासा वळला, परत गेला, आणि शेवटी बाईंच्या ओल्या हातांत आला. दोन मिनिटं त्यांनी त्याला पाण्यात धरून ठेवला. सोडताना म्हणाल्या, "याचं वजन जेमतेम दोन किलो असेल. मग एवढी ताकद कुठे ठेवतो हा?"

त्याच वेळी मला दक्षिणेला एक ढग दिसला. बोटभर. कुणीही त्याला ढग म्हणालं नसतं. मी दांडा उचलला, इंजिन चालू केलं आणि परत निघाले. बाईंनी दोरा गुंडाळला. वाटेत बगळ्याची बोट लागली, तो ओरडला, "काय गं, बॅटरी उतरली?" बाकीच्यांनीही हात हलवून हसून घेतलं. ढग तासाभरात विरून गेला. दुपारभर कोरडं ठणठणीत ऊन.

नऊ वर्षं मी हेच करते. माझे पाहुणे कुरकुरतात, काही पुन्हा येत नाहीत. धक्क्यावर मला 'छत्रीवाली' म्हणतात. मी पाच मिनिटांना एकदा मान वर करते, मोजून. मासा लागलेला असला तरी. पाहुणा ओरडत असला तरी.

का, ते तुला ठाऊक आहे. अर्धं ठाऊक आहे.

आज बोट बांधताना बाई म्हणाल्या, "तुम्ही आकाशाला घाबरता."

मी म्हटलं, "हो."

"त्यांचा गाइड नव्हता का घाबरत?"

मी म्हटलं, "तो खूप चांगला गाइड होता." एवढंच बोलले आणि बादली घेऊन आत गेले. तीन दिवसांवर पौर्णिमा आहे. बाईंना खाडीच्या तोंडाशी, डॉक्टर गेले तिथे, जायचंय. आता टाळता येणार नाही.

छोटी


२१ मार्च

दादा,

हे पत्र मी एका बैठकीत लिहून पेटीत टाकणार आहे, नाही तर टाकणार नाही.

बाबा एक गोष्ट सांगायचे, आठवते? पौर्णिमेच्या आसपास, दुपार कलताना, खाडीच्या तोंडाशी आरशांचा मेळा भरतो म्हणून. बाबांनी जन्मात एकदा बघितला होता. आपण दोघं त्यांना हसायचो. तू म्हणायचास, बाबांनी त्या दिवशी टोपी घातली नसणार.

बाबा खरं बोलत होते.

काल चारच्या सुमाराला आम्ही तिथे पोचलो. मी टेकडीच्या अलीकडेच बोट थांबवली, कारण पुढे जायला माझे हात तयार नव्हते. बाई म्हणाल्या, "हेच का?" मी मान हलवली. त्या बसून राहिल्या. पाणी तिथे एकदम खोल होतं, तुला माहीत आहे, हिरव्याचं निळं होतं. बघता बघता ते निळं काळं पडत गेलं. मला वाटलं शेवाळ वाहत आलं. मग त्या काळ्यात एक ठिणगी दिसली, खूप खाली. मग दुसरी. मग लक्षात आलं की खालून वरपर्यंत सगळं फिरतंय.

मासे होते, दादा. किती ते विचारू नकोस. मी मोजणारी बाई आहे, कळप बघितला की आकडा तोंडात येतो. काल आला नाही. आपल्याला सबंध दिवसात वीस दिसले तर आपण धक्क्यावर मिरवतो. इथे आमच्या बोटीखाली, जिथवर नजर जाते तिथवर, एकाला एक लागून आरसेच आरसे, सगळे एकाच दिशेने हळूहळू गोल फिरत होते. एक कूस बदलायचा आणि उन्हाची तिरीप त्याच्यावरून शेजारच्यावर, त्याच्यावरून पुढच्यावर अशी खाली खाली जात दिसेनाशी व्हायची. इतके भित्रे मासे, काठीची सावली पडली तरी पळणारे, आणि आमच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

मग ते वर यायला लागले. तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घ्यायचे आणि खाली जायचे. एक, दहा, शेकडो. त्याचा आवाज यायला लागला. मोठ्या पातेल्यातलं पाणी उकळायच्या जरा आधी जसं बोलायला लागतं तसा, पण सगळीकडून. बाई बोटीच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या होत्या. मीही मचाणावरून कधी उतरले ते आठवत नाही. काठी कुणी हातात घेतली नाही. तो विचारसुद्धा आला नाही.

सूर्य टेकडीमागे गेला तेव्हा ते सगळे वळले. हुकूम सुटल्यासारखे नव्हे. जसं झोपेत माणूस कूस बदलतो तसे, सावकाश, सगळे मिळून. खाडीच्या तोंडातून बाहेर निघाले, जिथे तळ संपतो तिथे खाली उतरत गेले, अंडी घालायला, कुठल्या अंधारात ते देव जाणे. दहा मिनिटांनी आमच्या खाली नुसतं पाणी होतं. मला रडू आलं आणि ते दुःखाचं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी पण पौर्णिमा होती. मी नंतर पंचांग बघितलं होतं."

तेव्हा मला राहवेना. मी सांगून टाकलं. त्यांना जे सांगितलं तेच आता तुला सांगते.

त्या दिवशी मी तिवरांच्या मागे होते, मी एकटीने नेलेल्या पहिल्या पाहुण्याबरोबर. त्याची माशी एका मोठ्या आरशाने नुकतीच धरली होती, दोरा तिवरांत अडकू नये म्हणून मी जिवाच्या आकांताने बोट फिरवत होते. तू रेडिओवर विचारलंस, "छोटी, मला टेकडी आड येतेय. तुझ्याकडून पश्चिम कशी दिसते?" मी म्हटलं, "साफ आहे."

मी वर बघितलंच नव्हतं, दादा. मान वर करायला किती वेळ लागतो? तेवढाही दिला नाही. बटण दाबलं, तोंडाला येईल ते बोलले आणि माशाकडे वळले. पंधरा मिनिटांनी माझ्या पाहुण्याच्या हातातली काठी गुणगुणायला लागली, वीज पडायच्या आधी गुणगुणते तशी. तेव्हा मी वर बघितलं.

चौकशीत मला विचारलं, भावाशी रेडिओवर काही बोलणं झालं होतं का? तू समोरच बसला होतास. मी म्हटलं, रेडिओ शांत होता. तू मान खाली घातलीस आणि काही बोलला नाहीस. त्याच संध्याकाळी तू गेलास. मी खोटं बोलले हे तुला माहीत आहे. पण तुला इतकी वर्षं वाटत असेल की मी बघितलं आणि माझी नजर चुकली. नजर चुकली नाही. मी बघितलंच नाही. तुझा परवाना गेला, समुद्र गेला, घर गेलं, आणि माझ्या हातात आजही दांडा आहे.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही त्याची बहीण, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. चौकशीला मी मागच्या बाकावर होते. तुमची साक्ष मी ऐकलीय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही केव्हा बोलता ते बघत होते."

 त्यांनी राहायचे दिवस वाढवून घेतलेत. त्या तुझ्या उत्तराची वाट बघतायत. मी आता बघत नाही. तुला जे वाटेल ते कर.

छोटी


२७ मार्च

छोटी,

तुझी चारही पत्रं मिळाली. पहिली तीन मी न फोडता ठेवली होती. चौथं जाड होतं म्हणून फोडलं, मग सगळी फोडली.

तुला माहीत आहे, मला लिहिता येत नाही. तरी लिहितो. हे बाईंना वाचायला दे. पूर्ण दे, मधलं काही गाळू नकोस.

त्या दिवशी साडेचार वाजता आम्ही परत निघालो होतो. तोंडाशी आलो आणि पाणी काळं दिसलं. तू जे लिहिलंस ते सगळं तसंच. मला बाबा आठवले. डॉक्टरांना मी म्हटलं, टाका माशी. ते म्हणाले, "छे, छे. इथे कसली माशी टाकता?" त्यांनी दोरा गुंडाळला, माशी काढून डबीत ठेवली, काठी खाली आडवी ठेवली. चौकशीवाले म्हणाले, काठी उभी होती म्हणून वीज आली. काठी आडवी होती.

आता ढगाचं. टेकडी आड येत होती हे खरं. पण ढगाचं डोकं टेकडीच्या वर आलेलं होतं. पांढरं, वरून सपाट. तसा ढग दिसला की काय करायचं हे तुला मीच शिकवलं होतं. मी तो पाहिला. पाहून तुला विचारलं.

कळतंय का? विचारायच्या आधी मी हाक मारली आणि तू ओ दिलीस, तेव्हाच मला समजलं होतं की तुझ्या बोटीवर मासा लागलाय. मागे पाहुणा ओरडत होता. अशा वेळी तू वर बघणार नाहीस, हे मला न कळायला काय झालं? तू 'साफ आहे' म्हणणार आणि मला थांबायला मिळणार, एवढंच मला हवं होतं. मला तिथून हलायचं नव्हतं. बाबांनी जे एकदा बघितलं ते माझ्या बोटीखाली होतं. आणखी दहा मिनिटं, असं मी दोनदा मनात म्हटलं.

तू चौकशीत रेडिओ शांत होता म्हणालीस तेव्हा मला हायसं वाटलं. रेडिओचं निघालं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता. "तुला शंका आली म्हणूनच विचारलंस ना?" असा. तुझं खोटं माझ्या उपयोगाचं होतं, म्हणून मी मान खाली घातली. तू काय समजून बसशील याचा विचार मला बसमध्ये आला. तेव्हा उतरायला हवं होतं. उतरलो नाही. नऊ वर्षं तुला पाच पाच मिनिटांनी मान वर करायला लावली आणि मी इथे खोकी मोजली.

बाईंनी विचारलं त्याचं उत्तर.

ते घाबरले नव्हते. मासे हवा घ्यायला वर येत होते, चोहीकडून आवाज येत होता. मी मचाणावरून उतरून खाली बसलो होतो. माझ्या हातांवरचे केस उभे राहिले, बोटीच्या तळातली काठी गुणगुणायला लागली, तेव्हा मी इंजिनाकडे धावलो आणि ओरडलो, "डॉक्टर, बसा!" त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. देवळात शिरताना चपला काढतात तशी. ते वळून माझ्याकडे बघून हसत होते. म्हणाले, "पुढच्या वेळी काही झालं तरी हिला आणायचं."

त्यानंतरचं मला पाण्यात असल्यापासून आठवतं. त्यांना काही कळलं नसणार. मी त्यांच्याजवळ पोचलो तेव्हा चेहरा तसाच होता. आणि मासे तिथेच होते, छोटी. आमच्या दोघांच्या भोवती फिरत होते, माझ्या पायांना लागत होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. असं काही झालेलं असताना मला ते सुंदर दिसलं, हे कुणाला सांगणार?

दादा


२ एप्रिल

दादा,

तू शनिवारी येतोयस, हे आईने सांगितलं. तुझा फोन ठेवल्यावर ती तासभर फोनशेजारीच बसली होती, पुन्हा वाजेल म्हणून. मग उठून तुझी खोली रिकामी करायला लागली. मी म्हटलं, "आई, गुडघे." ती म्हणाली, "गुडघे गेले खड्ड्यात."

पण येण्याआधी हे वाच, म्हणजे तू बेसावध येणार नाहीस.

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं. मला वाटत होतं की खरं कळलं की ओझं उतरेल. उतरलं नाही. आधी तुझी भयंकर चीड आली. मी धक्क्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तुला माहीत असून तू मला नऊ वर्षं तशीच ठेवलीस. मग वाटलं, तू ढग बघून थांबलास आणि मी वर न बघता बोलले, यातलं कुठलं मोठं, हे ठरवत बसले तर आपण दोघं म्हातारे होऊ. तरीही मी न बघता बोलले ते राहतंच. ते तू तुझ्याकडे घेऊ शकत नाहीस. शनिवारी तुझ्यावर ओरडायचं राहिलंय ते ओरडणार आहे.

पत्र बाईंना दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पेपर तपासावा तसं, ओळीवर बोट ठेवून वाचलं. आई समोर भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. ढगाच्या भागाशी बाईंचं बोट थांबलं. खूप वेळ थांबलं. मग पुढे गेलं.

वाचून झाल्यावर म्हणाल्या, "घरात ते मला नावाने हाक मारायचे. 'ही' फक्त चारचौघांत म्हणायचे. म्हणजे खरंच म्हणाले असणार. हे कुणाला बनवून सांगता यायचं नाही."

मग चष्मा काढला. "तुमच्या भावाने ढग बघितला होता."

"हो."

"बघून थांबला."

"हो."

"मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की मी परत जाईन. आता हे घेऊन मी कुठे जाऊ?" आवाज चढला नव्हता. "माफ केलं असं मी म्हणणार नाही. मला तसं वाटत नाहीये. आणि त्या दिवशी मीही तिथे असते, तर मीच म्हटलं असतं की आणखी दहा मिनिटं थांबू या. पौर्णिमेला मी काय बघितलं ते मला माहीत आहे. म्हणून तर जास्त राग येतोय."

आईने भाजीचं ताट बाजूला सारलं आणि त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. त्या प्यायल्या. मग म्हणाल्या, "लिहिणं सोपं असतं. त्याने माझ्यासमोर बसून सांगायला हवं. सगळं, पहिल्यापासून. मासे पायांना लागत होते तेसुद्धा."

त्यांचं परतीचं तिकीट सोमवारचं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर रद्द केलं. रोज सकाळी त्या माझ्याबरोबर पाण्यावर येतात, नाकावर उभ्या राहतात, मासे माझ्याआधी बघून मला दाखवतात आणि दिवसभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

त्या रागावलेल्या आहेत, दादा. आणि तुझ्यासाठी थांबल्या आहेत.

छोटी